सतरा आणि सतरा

"हे आकडे इतके कसे जुळले?" लॅबच्या मॅडमनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. माझी अन् पुष्पादीदीची.

मी दहावी नापास. यवतमाळहून रायपूरला आलो तो सिलतऱ्याच्या कारखान्यात. तिथे ओझी उचलून पाठ धरली. मग ओळखीच्या ओळखीने या फिजिक्सच्या लॅबमध्ये स्कॅनर झालो. स्कॅनर म्हणजे मायक्रोस्कोपवर प्लेट पाहणारा. प्लेटवर फोटोच्या फिल्मसारखा, पण जाड थर असतो. वेगाने सोडलेलं अणुकेंद्र त्या थरातल्या एखाद्या अणुकेंद्रावर आदळलं, की तिथून रेघा फुटतात. त्याला आम्ही स्टार म्हणतो. जाड रेघा फुटलेल्या केंद्राच्या तुकड्यांच्या. बारीक रेघा बहुतेक त्या टकरीतच नव्याने जन्मलेल्या कणांच्या. त्या सगळ्या मोजायच्या. प्रत्येक स्टार दोघं मोजतात, एकमेकांची वही न बघता.

हे काम मला दीदीनेच शिकवलं. कितीतरी वर्षं लॅब तिच्या डोळ्यांवर चालली. पण त्या महिन्यात वह्या जुळवताना माझे आकडे तिच्यापेक्षा जास्त येऊ लागले. "कोणाचं तरी चुकतंय," मॅडम म्हणाल्या. नवा मी, म्हणजे माझंच. कॉन्ट्रॅक्टही संपायला आलेलं. एक दिवस दीदीच्या वहीत डोकावलो. मग आठवडाभर डोकावतच राहिलो.

"दोन माणसांचं एवढं कधीच जुळत नाही," मॅडम आता म्हणत होत्या. "एखादी रेघ याची सुटते, एखादी तिची. म्हणून तर दोघं लागतात. कोणी पाहून लिहिलं?"

"मी, मॅडम. मले वाटलं, माह्यंच चुकून राहिलं."

"काहून रे?" दीदी उसळली. "मले इचारता येत नव्हतं? तोंडात गुटखा होता का?"

मॅडमनी मला तिथेच बसवलं. शेवटचा स्टार पुन्हा. दोन्ही वह्यांत सतरा होते. फोकस खाली-वर करत मोजलं. एकवीस. मॅडमनी स्वतः पाहिलं. एकवीसच. मग दीदी बसली. बराच वेळ उठली नाही.

"मले सतराच दिसून राहिल्या," ती हळूच म्हणाली.

तपासणीत तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, दीदी कामावर परतली. आठवड्याच्या साऱ्या प्लेटा मी पुन्हा मोजल्या. कॉन्ट्रॅक्ट वर्षाऐवजी सहा महिन्यांचं मिळालं. माझ्यासारख्याला मॅडमनी ठेवलं, हेच खूप.

आता आकडा वेगळा आला तरी तसाच लिहितो. मी घाबरून दीदीचे आकडे उतरवत होतो, तेवढे दिवस तिचे डोळे कोणाच्याच ध्यानात आले नाहीत.