फेकायचे व्हेप इथे

पाटीवर शेवटचे दोन शब्द नीट मावले नाहीत, एवढीच काय ती चूक. पण त्या एवढ्याशा चुकीपायी सकाळपासून लोक ताईच्या दुकानात कचरा आणून टाकत होते, आणि वर तिचे आभार मानत होते.

चूक अर्थातच वेलांटीची. वेलांटी म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. धंद्याने पेंटर; भिंतींचा नव्हे, अक्षरांचा. शाळेत असताना त्याच्या अक्षराला बक्षीस मिळालं, ते डोक्यात गेलं आणि पुन्हा खाली उतरलंच नाही. त्याने वेलांटी काढली की ती अख्ख्या शब्दावर छत्रीसारखी पसरायची, म्हणून हे नाव. पुढे मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या आणि धंदा बसला. आता तो दुसऱ्यांनी छापलेली अक्षरं दुकानांच्या काचांवर चिकटवायचा. "मी पेंटर आहे, पण हाताला रंग लागत नाही," असं स्वतःच सांगून हसायचा आणि रात्री ताईच्या माडीवरच्या खोलीत जाऊन झोपायचा.

तर सरकारने एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या वाफेच्या सिगारेटींवर, बंदी घातली. कंपन्यांनी त्याच डबीला बुडाशी चार्जिंगचं भोक पाडलं, 'पुन्हा वापरा' असं छापलं आणि तीच विकायला काढली. ताईने जुना माल परत पाठवला आणि भावाला सांगितलं, "एक पाटी लिहून दे. 'सरकारी आदेशानुसार एकदा वापरून फेकायचे व्हेप इथे मिळणार नाहीत.' साधी लिही हं."

साधी? कित्येक महिन्यांनी ब्रश हातात आला होता! 'सरकारी'च्या वेलांटीनेच अर्धी ओळ खाल्ली. खाली 'एकदा वापरून'. त्याच्याखाली, ठसठशीत लाल रंगात, 'फेकायचे व्हेप इथे'. 'मिळणार नाहीत' हे शब्द मग तळाच्या पट्टीत बारीक अक्षरांत कोंबले, आणि पाटी टांगल्यावर नेमकी ती पट्टी दाराबाहेरच्या आइस्क्रीमच्या फ्रीजमागे गेली.

राहिलं ते असं: सरकारी आदेशानुसार, एकदा वापरून, फेकायचे व्हेप इथे.

लोकांनी आदेश पाळला. घरोघरच्या ड्रॉवरमध्ये संपलेल्या व्हेपचा खच पडला होता. कचरागाडीवाला ते घेत नव्हता, कारण असल्याच एकाच्या बॅटरीने त्याच्या गाडीच्या पोटात भडका उडाला होता. मोटार शिकवणारे मास्तर पिशवीभर घेऊन आले, फ्रीजशेजारच्या रिकाम्या खोक्यात ओतून म्हणाले, "बरी सोय केलीत हो."

ताईला वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलंय. मग शाळेतल्या बाई आल्या. मग न्हावी आला. तेव्हा कुठे तिने बाहेर जाऊन पाटी वाचली.

"वेलांटी! खाली ये आधी!"

तो आला. पाटी बघून पहिल्यांदा त्याच्या मनात काय यावं? तर 'लाल रंग छान उठलाय.' दुसऱ्यांदा मात्र त्याने ती वाचली.

"दुपारी परवान्याची तपासणी आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "बंदी घातलेला माल दुकानात सापडला तर परवाना गेला. तुझ्या भाऊजींची फॅक्टरी बंद पडल्यापासून घर कशावर चालतंय, माहीत आहे ना?"

"अगं, हा माल नाही, कचरा आहे."

"ते तपासणीच्या बाईंना पटव. मला नको."

त्याने सगळं रंगाच्या रिकाम्या बादलीत भरलं. भरताना एकदा ताईकडे पाहिलं, तिची पाठ होती, आणि खिशातला स्वतःचा निळा व्हेप हळूच आत सरकवला. तपासणीत खिसे बघितले तर?

खिशातला व्हेप ही त्याची खासगी बाब होती. बाबा खोकून खोकून गेले. त्यांच्या उशाशी दोघा भावंडांनी शपथ घेतली होती की धुराला शिवायचं नाही. ताईने नंतर नाइलाजाने दुकानात तो माल ठेवला, पण तोंडाला कधी लावला नाही. वेलांटीने मात्र अभ्यास करून असा निष्कर्ष काढला होता की शपथ धुराची होती, वाफेची नव्हती. वकील व्हायचा तो, अक्षर आडवं आलं.

बादली माडीवर न्यायला तो जिन्याकडे वळला आणि दारात तपासणीच्या बाई उभ्या.

"काय आहे त्यात?"

"रंग," वेलांटी म्हणाला.

"रंगाला आंब्याचा वास?"

ताईने डोळे मिटून घेतले. बाईंनी बादलीत डोकावलं, मग बाहेर जाऊन पाटी वाचली, मग आत येऊन पुन्हा बादलीत पाहिलं.

"ही पाटी कुणी लिहिली?"

"मीच. म्हणजे, अक्षर माझं. अर्थ आपोआप झाला."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण पेन काही खिशात गेलं नाही. "हे वापरलेले आहेत, विकायचे नाहीत, हे मी कशावरून मानू?"

"सोपं आहे मॅडम. संपलेला ओढला की नुसता दिवा लुकलुकतो. वाफ येत नाही."

"तुला रे कसं माहीत?" ताई म्हणाली.

"ऐकून," तो म्हणाला आणि घाईघाईने फडक्याने पुसत एकेक ओढू लागला. लुकलुक. वाफ नाही. पुन्हा लुकलुक. अनोळखी माणसांच्या थुंकीची चव कशी असते ते त्याला त्या दुपारी कळलं, आणि हेच आपल्या कलेचं खरं मानधन, असंही वाटून गेलं. बाई मान डोलावत होत्या. "हा शेवटचा दाखवा," म्हणत त्यांनी स्वतःच बादलीतून एक उचलून दिला.

निळा. कडेला लाल रंगाचा ठिपका.

ओढावा तर पंचाईत, न ओढावा तरी पंचाईत. त्याने अगदी हलकेच ओढला. आणि दुकानाच्या मधोमध आंब्याचा असा काही ढग उठला की बाई मागे सरकल्या.

"हा तर चालू आहे. म्हणजे विकायचा." पेन कागदाला टेकलं.

ताई पांढरीफटक पडली होती. वेलांटीला क्षणभर वाटलं, सांगावं की मास्तरांचा आहे. मास्तर कुठे इथे होते?

"तो माझा आहे, मॅडम," तो म्हणाला. "रोजचा. त्याच्यावरचा तो डाग माझ्याच ब्रशचा आहे." त्याने बोटं पुढे केली. नखांत तोच लाल रंग होता.

बाईंनी ठिपका पाहिला, नखं पाहिली. मग लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं: जमा केलेले, वापरलेले, विक्रीसाठी नाहीत. जाताना म्हणाल्या, "हे सगळं बॅटरीच्या कचऱ्याच्या जमा केंद्रावर पोचवा. आजच."

परवाना वाचला. वेलांटीने निळा व्हेप परत बादलीत टाकला आणि बादली उचलली.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

त्याला चार-पाच विनोद सुचले. त्याने बादली दुसऱ्या हातात घेतली.

"केंद्रावरून आल्यावर सांगतो."

केंद्र काही लांब नव्हतं. तो संध्याकाळी परत आला, जेवला, तिच्यासमोर बसून ताट घासलं. तिने पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून आठवडाभर ती रोज त्याच्या पुढ्यात चहाचा कप ठेवते आणि तो पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहते. तो चहा पितो, पाऊस पडेल का म्हणतो आणि उठतो. उत्तर अजून द्यायचंच आहे.