मनोहरच्या मुलखात राहायला जागा

भंडारा मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तणसाचे (धान झोडून उरलेल्या पेंढ्याचे) ढीग दिसू लागतात. मळण्या उरकल्या होत्या. बांध्या (चारी बाजूंनी बांध घातलेली धानाची लहान शेतं) रिकाम्या पडल्या होत्या, त्यांत गुरं चरत होती आणि मधूनच एखादा तलाव उन्हात चमकून मागे जात होता. मी एस.टी.च्या खिडकीशी बसले होते. हा प्रवास आम्ही दोघांनी करायचा ठरवला होता. आता मी एकटीच निघाले होते.

मनोहर, माझा नवरा, याच जिल्ह्यातला. सानगडीजवळच्या एका लहान गावात, बौद्ध घरात त्याचा जन्म झाला. मी साताऱ्याकडची, हिंदू घरातली. लग्न नोंदणी पद्धतीनं केलं आणि पुढे दोघांनीही आपापला धर्म सोडला. भांडून नाही, हळूहळू सुटत गेला. मनोहरची सगळी नोकरी नाशिकला पाटबंधारे खात्यात गेली, माझी तिथल्याच शाळेत. मूल झालं नाही. "निवृत्तीनंतर आपण माझ्या मुलखात जाऊ, एखाद्या तलावाजवळ खोली घेऊ," असं तो नेहमी म्हणायचा. गेल्या पावसाळ्यात तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे मी त्याचं देहदान केलं. नाशिकच्या त्या तीन खोल्यांत मला एकटीनं राहवेना, म्हणून त्याच्या मुलखात जागा पाहायला निघाले. देवळाची घंटा किंवा विहारातली वंदना कानावर पडू नये, अशी काही माझी अट नव्हती. कुणी मला कुठल्या रांगेत उभं करू नये, एवढंच हवं होतं.

लाखनीला बस उड्डाणपुलावरून सरळ पुढे गेली आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला थांबली. ट्रकांच्या धुळीतून बॅग ओढत मी परत गावात आले. ओळखीतून एका खोलीचा पत्ता मिळाला होता. खाली खताचं दुकान, वर मालकांचं घर, शेजारी स्वतंत्र खोली. मालक साठीचे, बोलायला मऊ.

"एकट्याच राहाल काय जी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग बरं आहे. आमाले शांत बिऱ्हाडच पाहिजे होतं."

खोलीत उजेड होता. मागच्या खिडकीतून शेतं दिसत होती. मालकीणबाईंनी चहा आणला आणि भिंतीतला टाइल्स लावलेला कोनाडा दाखवला.

"हे देवघर. तोंड पूर्वेले आहे."

"इथे मी पुस्तकं ठेवीन," मी म्हणाले.

"अन् देव?"

"देव नाहीत माझ्याकडे. मी मानत नाही. धर्मच नाही मला कुठला."

दोघं एकमेकांकडे पाहू लागले. राग नव्हता, गोंधळ होता. मग मालकांनी विचारलं, "आडनाव काय म्हणाले तुमी?"

"रामटेके."

"असं." त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ निवळला. "मंग तसं सांगा नं. धर्म नाही असं कसं, आडनाव तं आहे."

ते हसून बोलले. त्यात कुजकेपणा नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. मालकीणबाई कपबश्या उचलत म्हणाल्या, "आमच्या भाच्याचंही चालून राहिलं आहे इकडं राहाले याचं. तो काय म्हणते ते पाहा लागंल." मालक मला जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "तुमच्या लोकायची वस्ती रोडाच्या पलीकडं आहे. तिथं भेटून जाईल खोली."

माहेरचं आडनाव सांगितलं असतं तर कोनाड्यात पुस्तकं ठेवूनही बहुधा निभावलं असतं. ते तोंडातून निघालं नाही. त्या आडनावाच्या आडोशाला बसून मनोहरच्या जिल्ह्यात राहण्यात काय अर्थ होता?

तिथून मी लाखांदूरची बस धरली. बस भरलेली होती. पायांशी तांदळाचे कट्टे, मांडीवर कुणाची तरी कोंबडी. लाखांदूरला शालिकभाऊ न्यायला आले होते. ते मनोहरचे शाळासोबती, शेतकरी कुटुंबातले, निवृत्त शिक्षक. शाळेत असताना या दोघांनी अंगात येणाऱ्या एका बुवाला भर गर्दीत प्रश्न विचारले होते आणि दोघांनी मिळून मार खाल्ला होता. मनोहर ही गोष्ट इतक्यांदा सांगायचा की तो बुवा मला पाहिल्यासारखा वाटायचा.

शालिकभाऊंच्या सुनेनं तांदळाची भाकर आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा केला होता. शालिकभाऊंची बायको सविता दोन-तीन वर्षांपूर्वी गेली. जेवताना ते मनोहरबद्दलच बोलत होते. हात धुतल्यावर त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले टाळ काढले.

"मंगळवार आहे. भजनाले जातो," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहताच म्हणाले.

जाता जाता ते दारात थांबले.

"मी आजही काही मानत नाही, वहिनी. पण सविता गेली तवा तिले उचलाले भजनाचेच लोक आले. कितीतरी दिवस या घरात चूल पेटू देली नाही त्यायनं, डबे आणले. आता बोलावते, तं जातो. टाळ वाजवतो. डोळे तेवढे मिटत नाही." मग म्हणाले, "मनोहरले हे कधी सांगतलं नाही. हसला असता."

"हसला नसता," मी म्हणाले. पण मला खात्री नव्हती.

सकाळी त्यांनी मला तलावाच्या पाळीजवळचं (बांधाजवळचं) एक रिकामं घर दाखवलं. पडवी, पडवीपुढे पाणी, पाण्यावर बदकं. मनोहर जसं सांगायचा तसंच. शालिकभाऊ म्हणाले, "मालक माझ्या शब्दाबाहेर नाही. घर भेटंल. पण गावात राहाचं म्हणजे कोठंतरी बसा लागते, वहिनी. देवळाच्या पायरीवर बसा, नाही तं विहारात बसा. तुमी कोठं बसाल?"

विचार करून कळवते, असं मी पाण्याकडे पाहत म्हणाले.

सानगडीला जाताना मी चुकीच्या बसमध्ये बसले. कंडक्टरनं एका फाट्यावर उतरवून दिलं. मोळ्या घेऊन चाललेल्या बायका माझ्याजवळ टेकल्या, त्यांनी बोरं दिली आणि बस आली तेव्हा त्यांनीच हात करून ती थांबवली. सानगडीच्या स्टँडवर प्रवीण मोटरसायकल घेऊन उभा होता. प्रवीण मनोहरचा पुतण्या, साकोलीला नोकरीला असतो. मनोहरचे थोरले भाऊ पूर्वीच गेले. घरात आता प्रवीण, त्याची बायको अश्विनी आणि आई. ही आई म्हणजे माझी जाऊ, कमलवहिनी.

वहिनी अंगणात उभ्या होत्या. मी गाडीवरून उतरले तरी त्या क्षणभर माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिल्या. मग जवळ येऊन त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मनोहर चालायला लागला होता, एवढाच. सासू दुसऱ्यांच्या शेतात रोवणीला जायची, म्हणून मनोहर वहिनींच्याच कडेवर वाढला. त्यांनी मला मागची खोली दाखवली. प्रवीणनं तिला नवा चुना दिला होता. खिडकीतून तलावाची पाळ दिसत होती.

"हे तुयी खोली," वहिनी म्हणाल्या. "कोणी काही विचारणार नाही तुले."

मी बॅग खाली ठेवली. आता शोधाशोध संपली, असं मला खरंच वाटलं.

दुपारी लाखोळीची डाळ (इकडे धानानंतर पेरतात ते कडधान्य) आणि नव्या तांदळाचा भात होता. वाढता वाढता वहिनी थांबल्या.

"सुनंदा, तो गेला तवा आमी फोन आल्याबरोबर निघालो. अर्ध्या वाटंत होतो, तं तू सांगतलं का त्याले दवाखान्यात देऊन टाकलं."

"त्याची इच्छा होती, वहिनी. उशीर करता येत नव्हता."

"इच्छा मले मालूम होती. मलेही सांगतलं होतं त्यानं. मी म्हणलं होतं, दे बाबा, कोणाच्या कामी पडशील." त्या खाली बसल्या. "पण आमाले काहीच नाही भेटलं. तोंड पाह्यलं नाही, राख नाही. त्याले कडेवर घेऊन मी बांधीतल्या चिखलात उभी राहिली आहे. मी रडाले कोठं जाऊ?"

मी हातातला घास पानात ठेवला.

"या रविवारी विहारात पुण्यानुमोदन ठेवतो (गेलेल्या माणसासाठी बौद्ध घरांत करतात तो स्मरणविधी)," त्या म्हणाल्या. "त्याचा फोटो ठेवू, चार लोकायले जेवू घालू. तू काही म्हणू नको. फक्त समोर बस."

"वहिनी, त्यानं माझ्याकडून शब्द घेतला होता. मागे काही करायचं नाही, कुठल्याच धर्माचं."

"आमच्यात देव कोठं आहे? आमी कोणाले नवस बोलून राहिलो काय?"

प्रवीण शेजारीच जेवत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, छप्पन साली आज्यानं घरातले देव पाण्यात सोडले. त्याच्या आधी आमी कोण होतो ते तुमाले मालूम आहे. आमच्यासाठी ही पूजा नाही, आमची इज्जत आहे. काकानं तेही सोडलं, तं आजा त्याच्याशी लय दिवस बोलला नाही."

हे मला मनोहरनं कधी सांगितलं नव्हतं. लाखनीच्या कोनाड्याला नाही म्हणणं सोपं होतं. इथे ते सोपं नव्हतं. तरी मी म्हणाले, "मला शब्द मोडता येणार नाही, वहिनी."

"राहू दे मंग," त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. संध्याकाळी आम्ही पाळीवरून फिरायचो. मनोहर पोहायला शिकला तो घाट त्यांनी दाखवला, पांढरं लुगडं नेसलेल्या त्याच्या आईची बसायची जागा दाखवली. चालताना त्या माझा हात धरून ठेवायच्या.

रविवारी घरातले सगळे नेहमीच्या वंदनेसाठी विहारात गेले. मी खोलीत बसले. ते परत आले तेव्हा अंगणातून वहिनींसोबत आणखी एका बाईचा आवाज आला.

"मनोहरभाऊची बाई आली म्हणते. वंदनेले नाही दिसली?"

"तब्बेत बरी नाही तिची," वहिनी म्हणाल्या.

माझी तब्येत चांगली होती. वहिनींना मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मी इथे राहिले तर प्रत्येक रविवारी त्यांना माझ्यासाठी काहीतरी सांगावं लागणार होतं, आणि त्या तक्रार न करता सांगत राहिल्या असत्या. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, नाशिकचं घर आवरायला जायला हवं. त्यांनी "कवा येशील?" असं विचारलं नाही. नव्या तांदळाचं गाठोडं बांधून दिलं आणि प्रवीणची गाडी वळेपर्यंत अंगणातच उभ्या राहिल्या.

नाशिकला आमच्या मजल्यावर कुणाला मी परत आल्याचं कळलंही नाही. इथे मला कुणी देव विचारत नाही, आडनाव विचारत नाही, जेवलीस का हेही विचारत नाही. जिथे कुणी काही विचारणार नाही अशी जागा मी शोधायला निघाले होते. ती माझ्याकडे आधीपासूनच होती आणि तिथूनच मी पळाले होते. वहिनींच्या दारात मला आपलं म्हणणारं माणूस होतं, पण त्या आपलेपणाला बसायची एक ठरलेली जागा होती, आणि तिथे मला बसता येत नव्हतं. यात चूक कुणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी वहिनींना फोन केला. अश्विनीनं उचलला. मागे बरीच माणसं असावीत, असा आवाज येत होता.

"कोण आलंय गं?"

ती अडखळली. "लोकं आहेत, काकू. विहारातून बोलून राहिली मी. काकाचं पुण्यानुमोदन... आई म्हणल्या, तुमच्यासमोर नको. तुमाले जड जाईल म्हणून थांबल्या होत्या."

मग फोन वहिनींनी घेतला. "जेवली काय, सुनंदा?"

"हो. फोटो कुठला ठेवलात?"

"तुमच्या लग्नातला. त्याचा एकट्याचा चांगला नव्हता माझ्यापाशी. तुयावर पांढरा कागद लावला आहे. जित्या माणसाचा ठेवत नाही नं."

मी स्टूल जवळ ओढलं.

"फोन ठेवू काय? लोकं थांबले आहेत."

"बंद करू नका, वहिनी. फोन तसाच बाजूला ठेवा."

त्यांनी तो कुठेतरी टेकवला. थोड्या वेळानं सगळ्यांचे आवाज एकत्र सुरू झाले. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ऐकत राहिले. हात जोडले नाहीत. पालीतले शब्द मला कळत नव्हते. मधे एकदा मनोहरचं नाव आलं, तेवढं कळलं.