भाकरीला आलेला वास

काष्ठौषधींच्या दुकानावरून जाताना उपळेटाचा वास आला की माझी पावलं आजही थांबतात आणि ती घटना जशीच्या तशी समोर उभी राहते. ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. नवी मुंबई तेव्हा जमिनीपेक्षा नकाशावरच जास्त होती. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून कारखाने, मागे भाताची खाचरं आणि मध्ये आमचं पत्र्याच्या छपराचं पोलीस ठाणं.

उपळेट म्हणजे काश्मीरच्या डोंगरात होणाऱ्या एका झाडाचं मूळ. आपल्याकडे ते उटण्यात घालतात. चिनी वैद्यांच्या औषधांत मात्र त्याला फार मान. पोटाच्या दुखण्यावर ते हमखास देतात, त्यामुळे हाँगकाँगचे व्यापारी त्यासाठी टपलेले असत. निर्यातीला सरकारी परवाना लागे. आमच्या हद्दीतल्या एका गुदामात अशा गोण्या परवान्याची वाट बघत महिनोन् महिने पडून होत्या. परवाना आला, माल बंदरावर गेला आणि तपासणीत बिंग फुटलं. गोणीच्या तोंडाशी तेवढं उपळेट, खाली दुसरीच कसली तरी बिनवासाची मुळं.

गुदामाच्या मालकाने रखवालदाराविरुद्ध फिर्याद दिली. किल्ली त्याच्याकडे, म्हणून चोर तोच. मराठवाड्यातून आलेला हा माणूस आवारातल्या एका खोलीत बायकोबरोबर राहायचा. त्याला अटक झाली त्याच दिवशी मालकाने खोलीला कुलूप लावलं. बाई भांडीकुंडी घेऊन ठाण्यासमोरच्या झाडाखाली येऊन बसली.

कोठडीत त्याला खोदून खोदून विचारलं. त्याचं एकच म्हणणं होतं, "साहेब, मला ठिवा हितं, माझी ना नाही. पण तिला खोली उघडून द्या. उघड्यावर बसलीय ती."

चोरी केलेला माणूस आधी स्वतःचं बघतो, हा माझा अनुभव. हा चोर नाही, हे मला कळून चुकलं होतं. पण माझ्या मनाला पटलं म्हणून कोर्टाला पटत नाही. माल सापडला नसता, तर तो गरीब माणूस आत गेला असता आणि ती बाई कायमची उघड्यावर आली असती.

अस्सल उपळेटाचा नमुना सील करून आम्ही मुद्देमालाच्या खोलीत ठेवला होता. त्याचा उग्र गोडसर वास फायलींना लागला, युनिफॉर्मला लागला, अगदी चहालाही लागला. सगळं ठाणं वैतागलं होतं. त्याच वासाने पुढे आम्हाला हात दिला.

एके सकाळी आमचा हवालदार हसतच आत आला. "साहेब, तळवलीला हळदीला गेलो होतो. मटण एक नंबर. पण तांदळाच्या भाकरीचा घास घेतला आणि वाटलं, आपण मुद्देमालाच्या खोलीत बसून जेवतोय."

"घर कोणाचं?"

"आपल्या गुदामातल्या मुकादमाची सासुरवाडी. मेव्हणीची हळद होती."

मी हातातला कप खाली ठेवला. हा मुकादम आमच्या दिमतीला पहिल्या दिवसापासून हजर. पोलिसांना चहा तोच आणायचा, रखवालदार दारू पितो हेही त्यानेच आमच्या कानावर घातलं होतं.

आम्ही साध्या वेषात तळवलीला गेलो. लग्न उरकलं होतं, मांडव अजून उभा होता. मुकादमाच्या सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. भाकरीचा विषय काढताच म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लगीन होऊन आले तवापासून भाकऱ्या थापतेय, सायेब. गावात माजे भाकरीला कोनी नाव ठेवला नाय. आन हळदीला पावन्यांनी पानात टाकल्या."

"तांदूळ कुठला, आजी?"

"घरचाच हाय. कनगीतला."

"कणगी कोणी भरली?"

"जावयान," त्या कौतुकाने म्हणाल्या. "भात झोडला तवा आला न् एकट्यान भरली. आमाला हात लावू दिला नाय. लय गुनाचा हाय."

इथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपल्याकडे जावई सासुरवाडीला गेला की पाटावरून उठत नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळतो. तो कणगी भरायला का उठेल?

पंचांना बोलावून झडती घेतली. माजघरातल्या शेणाने सारवलेल्या त्या बांबूच्या कणगीतून भात उपसायला लागलो, तसा वास वाढत गेला. तळाशी गोण्या निघाल्या, उपळेटाने गच्च भरलेल्या. म्हातारीने मूठभर भात नाकाशी नेला, बराच वेळ हुंगला आणि हळूच खाली सोडला.

मुकादमाला ठाण्यात आणलं. आधी त्याने हात झटकले. मी आवाजसुद्धा चढवला नाही. त्याच्यापुढे ताटली सरकवली. "सासूबाईंनी भाकरी पाठवलीय. खा."

त्याने तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबला. मग घडाघडा बोलत सुटला. दुसरी किल्ली करून घेतली होती, लग्नाआधी माल हलवायचा होता, पण गिऱ्हाईकाने गाडीच पाठवली नाही. संध्याकाळपर्यंत ते गिऱ्हाईकही आमच्या ताब्यात होतं. इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नाही.

रखवालदार निर्दोष असल्याचा अहवाल कोर्टात गेला आणि तो सुटला. गुदामाच्या मालकाला मी ठाण्यात बोलावलं आणि खोलीची किल्ली सगळ्यांदेखत त्या बाईच्या हातात द्यायला लावली. तिने भांडी उचलली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी म्हातारी जबाब द्यायला आली. जावई चार पावलांवर कोठडीत होता. त्याला सोडा, असं ती एका शब्दानेही म्हणाली नाही. अंगठा उठवण्याआधी मात्र अडून बसली.

"येक लिवा, सायेब. भाकरीला वास आलता, तो माजे हाताचा नवता."

मी ते तिच्या शब्दांत लिहिलं. या प्रकरणाने मला एक शिकवलं. झडतीला गेलो की कुलपं-कपाटं नंतर, आधी चुलीपाशी बसणाऱ्या बाईशी बोलायचं. निवृत्त होईपर्यंत मी ते पाळलं आणि क्वचितच रिकाम्या हाताने परतलो.

खटला उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांनी जबाबातलं ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "आजी, हे बरोबर आहे?" हळदीला जेवलेले तळवलीचे पाहुणे मागच्या बाकांवर बसले होते. म्हातारीने पदर सारखा केला, वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि मगच न्यायाधीशांना म्हणाली, "व्हय. परत वाचा."