भोंग्याच्या जागी माणूस

आमच्या जहागीरदाराला लोक समोर सरकार म्हणायचे. माघारी काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं न्हाई. परतूरजवळ त्याची गढी. मी तिथं मोटारीचा मिस्तरी. मोटार लाल, दोनच जागांची, वरून उघडी, नुसती पळवायची. चालवायचा तो, अन् शेजारी मला बसवायचा, कारण वाटेत बिघडली तर त्या मुडद्याला साधा पानासुद्धा धरता येत नव्हता.

त्याचा कायदा असा, की भोंगा ऐकला की रस्त्यावरच्यानं बैलगाडीतून खाली उतरायचं, पायताण काढायचं आणि मोटार जाईस्तोवर वाकून उभं राह्यचं. म्हाताऱ्यालाही सूट न्हाई.

दसऱ्याला मोटारीची पूजा झाली आणि मंग काही दिवसांनी वळणावर मेंढरं आडवी आली. सरकारनं हातातल्या चाकावरचं भोंग्याचं बटण दाबलं. आवाज न्हाई. परत दाबलं. ब्रेक मारणं त्याच्या शानीत बसत नव्हतं, म्हणून दोन मेंढरं खाली गेली. त्यांचा मालक पळत आला, पन्नाशीतला, वाळका माणूस.

"बहिरा हायेस का रं?" सरकार ओरडला.

"भोंगा वाजलाच न्हाई, सरकार."

खरं बोलला बिचारा आणि तिथंच फसला.

"वाजला न्हाई? बरं. मंग भोंगा दुरुस्त होईस्तोवर तूच वाजायचं. मोटारीच्या म्होरं पळायचं आन् बोंबलायचं."

मला वाटलं, थट्टा करून राह्यला. पण सकाळी तो माणूस गढीच्या दरवाजात हजर. मेंढरं बायकोच्या भरवशावर टाकून आल्ता. मंग रोज तेच. तो म्होरं, "सरकार आले, उतरा!" म्हणत, आणि मागं आमची मोटार, पार त्याच्या टाचेला लागून. तो दमला की सरकार इंजिन घुमवायचा आणि खदाखदा हसायचा. मी शेजारी बसलेलो. माझ्या मस्तकात आग जायची, पण तोंड उघडायची टाप नव्हती.

त्याचा आवाज बसला, गुडघे सुजले. एकदा मी मोटार पुसत होतो तर हळूच जवळ आला. "मिस्तरी, जल्दी करा हो. माझ्याच्यानं आता होत न्हाई. मेलो तर मेंढरं कोण बघंल?"

एरवी मोटार दिवसभर फिरतीवर, हात घालायला सवड न्हाई; पण त्या दिवशी सरकार जेवून निजला आणि ती दुपार मी मोटारीखाली घातली. आधी बॅटरी बघितली, बराबर होती. भोंग्याकडून येणारी तार चाकाच्या दांड्यातून बटणापर्यंत जाते, ती खालून सोडली आणि तिचं टोक लोखंडाला टेकवलं. भोंगा असा कोकलला की अंगणातली कोंबडी उडाली. म्हणजे भोंगा धड, तारही इथवर धड. खोट वरच, दांड्यात न्हाईतर बटणात. बटण पिळून काढलं. आत कुंकवाचा चिखल! पितळेची चकती हिरवी पडलेली, स्प्रिंग चिकटलेली. दसऱ्याला सरकारनं स्वतःच्या हातानं चाकावर कुंकू लावलं होतं आणि वरून नारळाचं पाणी ओतलं होतं. त्याचीच पूजा आणि त्याचाच भोंगा बंद! मी घासकागदानं चकती लखलखीत केली, स्प्रिंग पुसली, सगळं जोडलं.

संध्याकाळी सरकार आला तेव्हा नोकरचाकर उभे होते. मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, चूक कुणाची ते चार माणसांत कळावं म्हणून. "सरकार, पूजेचं कुंकू आन् नारळाचं पाणी बटणात गेल्तं. त्यानंच बंद पडला. मेंढरवाला खरं बोलला."

कोपऱ्यात त्या माणसानं पायताण घातलंसुद्धा होतं. घरी जायला घोंगडी खांद्यावर घेतली होती. माझ्याकडं बघून हसला.

सरकारनं दोन्ही हात जोडले. "पूजेनं बंद पडला? म्हणजे देवीनंच बंद केल्ता. तिलाच माझ्या म्होरं माणूस पाह्यजे होता." नोकरांनी लगोलग माना डोलावल्या. एकाची तर "जय" म्हणायची तयारी झाली होती.

"सरकार, पण भोंगा आता—" मी म्हटलं.

"चांगला केलास की. ह्याचा आवाज तरी कुठं राह्यलाय? वाजवायला भोंगा, पळायला हा." मंग मेंढरवाल्याकडं बघून, "पायताण काढ."

त्यानं काढलं. घोंगडी भिंतीशी ठेवली आणि मोटारीच्या म्होरं जाऊन उभा राह्यला. माझ्याकडं परत बघितलं न्हाई. सरकार चाकामागं बसला, मला शेजारी बसवलं आणि मेंढरवाल्याच्या पार पाठीमागं येऊन बटण दाबलं.

भोंगा खणखणीत वाजला. तो पळत सुटला.