दुसरा काय म्हणतो?

हेर (जर्मनमध्ये 'श्रीयुत') लेव्हिनना कुणाबद्दल काही सांगायला गेलं की ते चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "आणि दुसरा काय म्हणतो?"

जर्मनीत रेगेन्सबर्गला आम्ही राहायला आलो तेव्हाच हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. वरच्या मजल्यावरचा शेजारी जिना पुसायची पाळी चुकवतो, अशी तक्रार घेऊन मी खालच्या मजल्यावर त्यांच्याकडे गेलो होतो. मी कारखान्यात कॉस्टिंग पाहतो. ताळा जमला नाही की मला चैन पडत नाही. त्यांचं ऐकून वर गेलो, तर शेजारी रात्रपाळीचा निघाला. आम्ही उठायच्या आत तो जिना पुसून झोपत होता. "गेनाऊ, अगदी बरोबर," हेर लेव्हिन म्हणाले, "आता गोष्ट पुरी झाली." पुढे या प्रश्नाने माझी घरातली आणि ऑफिसातली कितीतरी भांडणं सुरू होण्याआधीच मिटवली.

ते ज्यू, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. पत्नी गेलेली, मूलबाळ नाही. आयुष्यभर एकाच माणसाचं चरित्र लिहीत होते: काही शतकांपूर्वीचे एक रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, ज्यांनी जगाचा इतिहास लिहिला. एखाद्या राजाच्या मृत्यूची जुन्या ग्रंथांत दोन सालं आढळली, तर हे रब्बी दोन्ही देत आणि पुढे 'मला ठाऊक नाही' असं लिहीत.

"म्हणजे चुकीचंही ठेवायचं?" मी विचारलं.

"कुठलं चुकीचं ते कळलं की खोडा, हेर कुलकर्णी. तोवर बिचाऱ्याला राहू द्या."

ज्यूंमध्ये वडिलांच्या मृत्युतिथीला मुलगा मेणबत्ती लावतो. रब्बींचा वंश उरला नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी हेर लेव्हिन लावत. त्यांचं पंचांगही चंद्रावर चालतं आणि अधूनमधून एक महिना जादा धरतं, हे कळल्यावर मी त्यांना आपला अधिकमास समजावला. ते इतके खूश झाले की जिन्यातून माझ्या बायकोला हाक मारली, "फ्राऊ कुलकर्णी, तुमचा नवरा आमच्यात शोभेल!"

"न्या की," मेधा म्हणाली, "पण जिन्याची पाळी त्याचीच राहील."

शेवटच्या आजारपणात मी मुगाचं कढण घेऊन गेलो, तेव्हा छापून आलेलं पुस्तक त्यांच्या उशाशी होतं. म्हणाले, "रब्बींची सोय झाली. माझी तिथी मात्र कोण मोजणार?"

"मी मोजेन. मेणबत्तीही लावेन."

"परधर्माच्या माणसाने लावलेली चालते का, कोण जाणे."

"दुसरा काय म्हणतो, ते विचारून ठेवा," मी म्हणालो. ठसका लागेपर्यंत हसले. मग माझा हात धरला.

ते ज्यू पंचांगातल्या अदार महिन्यात गेले. पहिल्या वर्षी तिथी सरळ निघाली. यंदा जादा महिना आला, आणि त्यांच्यात दुबार येतो तो नेमका अदारच. मी गावातल्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "पुष्कळ जण पहिल्या अदारात पाळतात, काही दुसऱ्यात."

मी दोन मेणबत्त्या आणल्या. पहिल्या अदारातल्या तिथीला, सूर्य मावळताना, जिन्याच्या खिडकीत एक लावली.

"यातली खरी तिथी कुठली?" मेधाने विचारलं.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो आणि दुसरी मेणबत्ती पुढच्या महिन्यासाठी कपाटात ठेवली.