आमच्या ऑफिसातला फ्रेंच

फुजैराच्या टर्मिनलवरच्या तेलटाक्यांचं टेंडर मी लिहिलं होतं. वेल्डिंगच्या पद्धती, तपासणीचे तक्ते, सगळं. वर्ष गेलं त्यात. काम अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या कंपनीला मिळालं, आणि लीड इंजिनियर मीच होणार हे मी इतकं गृहीत धरलं होतं की पुण्याला आईलाही कळवून मोकळी झाले.

"मॅडम, क्लाएंट को युरोपियन लीड चाहिए," मॅनेजर म्हणाला. "अपना फ्रेंच है ना. उसका सीव्ही भेज दिया. खलास."

'अपना फ्रेंच' म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा पॉन्डिचेरीचा तमिळ इंजिनियर. माझ्याहून आठ वर्षांनी ज्युनियर. डब्यात रोज सांबारभात, आणि फ्रेंच म्हणाल तर बोंजूरच्या पुढे गाडी जात नाही. वेल्डचा एक्सरे कसा वाचायचा ते त्याला मी शिकवलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच!

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला सरळ विचारलं, तू फ्रेंच कसा काय झालास? माझा सूर चांगला नव्हता. तरी त्याने शांतपणे सांगितलं.

त्याचे आजोबा फ्रान्सच्या सैन्यात होते. पॉन्डिचेरी तेव्हा फ्रेंचांची. त्यांच्यासाठी ते व्हिएतनाममध्ये लढले, मग अल्जीरियात. दोन्ही देश फ्रान्सच्या हातून गेले, आणि पॉन्डिचेरीही रीतसर भारताची झाली. ज्यांना फ्रेंच राहायचंय त्यांनी सहा महिन्यांत लेखी कळवावं, असं ठरलं. आजोबा इस्त्रीचा गणवेश घालून गेले आणि सही करून आले, म्हणून नातवाकडे आज फ्रेंच पासपोर्ट. त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, मुलीचं लग्न तोंडावर आलंय, कचेरीत कोण रांग लावतो? त्या थोरल्यांचा नातू आमच्याच शेडमध्ये वेल्डर आहे. भारतीय पासपोर्ट, लेबर कॅम्पातली खोली.

हे ऐकून मला काहीतरी वाटायला हवं होतं. पण मला एवढंच दिसत होतं की त्याच्या आजोबांच्या एका सहीपुढे माझी टेंडरची दोनशे पानं हलकी ठरली.

पुढच्या आठवड्यात क्लाएंटचा माणूस आला. मॅनेजरने आम्हा दोघांनाही बसवलं होतं. बोलायचं शेजाऱ्याने, आकडे पुरवायचे मी. पाहुण्याने हात मिळवले, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "अँड द फ्रेंच इंजिनियर?"

मॅनेजरने माझ्या शेजाऱ्याकडे बोट केलं.

पाहुणा सीव्ही चाळत राहिला. "ओरिजिनली कुठले?"

"फ्रान्स," शेजाऱ्याने सांगितलं.

"नो, नो," तो हसला. "ओरिजिनली."

"पॉन्डिचेरी," माझा शेजारी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मी मान खाली घालून आकडे बघत बसले. बरी जिरली, असं मनात आलं आणि हसूही आलं. ते मी वहीआड लपवलं.

दोन दिवसांनी क्लाएंटचं पत्र आलं: लीड बदला. मॅनेजर माझ्या टेबलाशी आला तेव्हा मी पेन ठेवून ताठ बसले. आता दुसरं कोण उरलंय?

"एजन्सी को बोल दिया, प्रॉपर युरोपियन भेजो," तो म्हणाला. "इन्शाल्ला संडे को आएगा. तुम दोनों उसको काम समझा देना."

तो गेल्यावर शेजाऱ्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "सॉरी मॅडम," तो म्हणाला. "आय टोल्ड हिम इट शुड बी यू. मॅनेजरला त्या मीटिंगच्या आधीच सांगितलं होतं."

मॅनेजरवरचा राग अजून गेलेला नाही, क्लाएंटवरचाही नाही. पण रात्रीची झोप उडवतं ते वहीआडचं माझं हसू.