नानांनी सईला शिकवलेला व्यापारवाद

१९८३ साली अकोला स्टेशनवर नानांनी माझ्या हातात बॅग दिली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "दोन वर्षं. शिकायचं आणि परत यायचं." नाना हायस्कूलात इतिहास शिकवायचे. वडिलांशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी मान डोलावली.

त्या दोन वर्षांची बारा झाली. शिकागोत नोकरी, नेपरव्हिलला घर, लेक सई पाचवीत. ग्रीन कार्ड होऊनही बराच काळ लोटला होता, पण फोनवर मी आपला "बघू, पुढच्या वर्षी" म्हणायचो. माझ्यासारखे जे इकडे आले, त्यांना हे वाक्य तोंडपाठ असेल. मागे राहिलेल्यांनी ते किती वेळा ऐकून घेतलं, याची मात्र लाज वाटते.

त्या ऑक्टोबरात आई-नाना आले. एका शनिवारी सई पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेली. "आजोबा, मर्कन्टिलिझम म्हणजे व्हॉट?"

बऱ्याच दिवसांनी विद्यार्थी मिळाला, नाना खुलले. माकडटोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. युरोपातल्या राजांना वाटायचं, जगात सोनं-चांदी मोजकीच, जो जास्त साठवेल तो मोठा. म्हणून वसाहतींनी कच्चा माल मायदेशाला द्यायचा आणि पक्का माल तिथूनच घ्यायचा. अमेरिकेतल्यांनी बीव्हर या केसाळ प्राण्याची कातडी पाठवायची आणि तिच्या टोप्या मात्र इंग्लंडच्या घालायच्या. स्वतः टोप्या करून बाहेर विकायला बंदी. जन्मभर नानांनी हा धडा वऱ्हाडच्या कापसावरून, दातओठ खात शिकवला होता. इंग्रजांनी स्वतःच्या पोरांनाही सोडलं नाही, याची त्यांना भारी गंमत वाटली.

"बट दे वेअर फ्रॉम इंग्लंड," सई म्हणाली. "देन व्हाय वॉज इंग्लंड सो मीन?"

नाना म्हणाले, "इंग्लंडला वाटत राहिलं, ही माणसं आपल्यासाठीच तिकडं गेलीत. त्यांचा तिथं संसार झाला, पोरंबाळं झाली, हे त्यानं मानलंच नाही."

सई लिहायला लागली. नाना उठून ओट्यापाशी माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "कार्ड झालं ना तुझं?"

मी हो म्हणालो. कधी झालं, ते त्यांनी विचारलं नाही. माझ्यासाठी त्यांनी अकोल्याच्या घरावर दोन खोल्या बांधल्या होत्या. आई दर दिवाळीला त्या झाडून पुन्हा कुलूप लावायची.

"वरच्या खोल्या आता भाड्यानं देतो," नाना म्हणाले. "तू आलास की आमच्या खोलीत झोप."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आता अकोल्याला गेलो की आई-नानांच्या पलंगांच्या मधे जमिनीवर गादी घालतो. नाना असे घोरतात की झोप म्हणून लागत नाही. पण घरी आलो, हे मला तिथेच पटतं.